भेव म्हणजे काळजी नव्हे

मी आजारी होतो हे सांगायची मला आधी लाज वाटायची. आता उलटं झालंय. लग्नात, बारशात, दुकानात, कुठेही कुणी नुसतं "हल्ली झोप लागत नाही हो" म्हटलं की मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसतो. बायको लांबून डोळे मोठे करते, की पुरे. पण ज्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तो पँट वर करून टाके दाखवतोच की नाही? माझे टाके दिसत नाहीत. म्हणून सांगावे लागतात, आणि सगळ्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसणं जमत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मला घरीदारी नाना म्हणतात. नाशकात माझं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. मूळ गाव नामपूरकडचं. आई आमच्याजवळच असते, तिच्याशी बोलायचं ते अहिराणीत, बाहेर शहरी मराठीत. बायको वैशाली पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. रोज घाटातून जा-ये. मुलगी ऋतुजा पुण्याला शिकते. आणि नातेवाइकांत माझी ख्याती अशी, की पंगती उठल्या की पोरं म्हणणार, "नाना, होऊन जाऊ द्या." मग मी गोष्टी सांगतो आणि माणसं हसून हसून खोकतात.

त्यातली सगळ्यांत गाजलेली गोष्ट आमच्या अपघाताची.

गाजलेली गोष्ट

झालं ते एवढंच. हिवाळ्यात वैशालीच्या शाळेचं स्नेहसंमेलन आटोपून आम्ही दोघं गाडीने परत येत होतो. घाटात धुकं. समोरून एकदम दिवे आले, मी स्टिअरिंग ओढलं, गाडी रस्ता सोडून उतारावर गेली आणि एका झाडाला अडकून तिरकी उभी राहिली. समोरची गाडी निघून गेली. आम्हाला खरचटण्यापलीकडे काही लागलं नाही.

मी सांगायचो ते असं: "त्या झाडाने आम्हाला जसं धरलं ना, तसं लग्नात सासऱ्यांनीसुद्धा मला धरलं नव्हतं. आणि आमच्या मॅडम! गाडी लटकलीय, खाली दरी, आणि पहिलं वाक्य काय? 'अहो, डब्यातलं लोणचं सांडलं का बघा!'"

इथे हशा. हमखास. माझ्या मोठ्या भावाला, दादाला, ही गोष्ट एवढी आवडायची की तो पाहुण्यांना माझ्या अंगावर सोडायचा. "नाना, यांनी लोणच्याचं नाही ऐकलं अजून." आणि मी पुन्हा पहिल्यापासून.

अपघातानंतर मी गाडी चालवणं सोडलं. कारण विचारलं की म्हणायचो, पेट्रोल परवडत नाही. त्यालाही लोक हसायचे.

हार्ट एकदम ओके

काही महिन्यांनी एके दिवशी दुपारी दुकानात एक द्राक्षबागायतदार आला होता. मी नळ्या दाखवत होतो आणि दुसऱ्या हाताने वैशालीला फोन लावत होतो. फोन काही खास कारणाने नाही. अपघातानंतर ती शाळेत पोचली का, वर्गात आहे का, निघाली का, असे माझे दिवसभर फोन चालायचे. तिकडे रेंजची बोंब. "आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती..." एवढं कानात आलं आणि माझ्या छातीवर कुणीतरी बसलं. हाताला मुंग्या. घाम असा, की गिऱ्हाईक म्हणालं, "नाना, तुमचंच ठिबक चालू झालं!" मग माझा चेहरा बघून तो गप्प झाला. शेजारच्या हार्डवेअरवाल्याने आणि त्याने मला मोटरसायकलवर मध्ये बसवलं, पोत्यासारखं दोन्ही बाजूंनी दाबलं आणि दवाखान्यात नेलं. वाटेत मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला. दादाला दुकानाच्या किल्ल्या कुठे असतात तेही सांगून झालं.

एका रात्रीपुरतं ठेवून घेतलं. छातीला वायरी, बोटाला चिमटा, दर थोड्या वेळाने सिस्टर येऊन, "काका, बरं वाटतंय?" शेजारच्या पलंगावर एक आजोबा होते, त्यांना खराखुरा झटका आलेला. त्यांच्याकडे बघायला येणारे माझ्याकडेही मानाने बघत. आम्ही एका रेजिमेंटचे.

सकाळी तरुण डॉक्टर आले. सगळे रिपोर्ट बघितले आणि हसून म्हणाले, "काका, हार्ट एकदम ओके आहे. पॅनिक अटॅक होता. मनाच्या डॉक्टरांना दाखवा."

आनंद व्हायला हवा होता. मला अपमान वाटला. एवढा घाम गाळून हार्ट ओके? शेजारचे आजोबा कुशीवर वळले. मला वाटलं, माझ्यापासून तोंड फिरवलं.

घरी आल्यावर आईने मीठ-मोहरी घेऊन माझी नजर काढली. "काय व्हयनं तुले, नाना? नजर लागनी." मीठ तडतडलं तेव्हा ती म्हणाली, बघ, केवढी होती. वैशाली दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. तशी ती बरेच महिने काही बोलत नव्हती. शाळेतून यायची, डबा घासायची, वह्या तपासायची. मी विचारायचो, "नीट आलीस ना?" ती म्हणायची, "आले." झालं आमचं बोलणं.

बांध

तेव्हा घरात आणखी एक गोष्ट तापत होती. वैशालीला पदोन्नती मिळायची होती. हरसूलकडच्या एका शाळेत मुख्याध्यापिका. पुन्हा डोंगरच, पुन्हा वळणंच. आणि मी तिच्यामागे लागलो होतो, की पदोन्नती सोड, नोकरीच सोड, स्वेच्छानिवृत्ती घे.

"तिची काळजी वाटते हो," मी सगळ्यांना सांगायचो. आणि सगळे मान हलवायचे. आई म्हणायची, नवरा असावा तर असा. वैशालीची स्वतःची बहीण म्हणाली, "ताई, नशीब काढलंस. आमच्याकडे मी मेले तरी ह्यांचा फोन यायचा नाही."

तिची चौदा-पंधरा पोरं, तिचा तो पत्र्याचा वर्ग, तिने भिंतीवर रंगवलेली बाराखडी. ते सगळं माझ्या काळजीखाली दबत चाललं होतं. आणि काळजीला नाही कसं म्हणायचं? रागावलेल्या नवऱ्याशी भांडता येतं. काळजी करणाऱ्याशी भांडली तर बाई वाईट.

ऋतुजाने मोबाईलवर कुठल्यातरी समुपदेशकाची वेळ घेऊन दिली. पडद्यावर गुळगुळीत चेहऱ्याचा एक मुलगा आला. त्याने माझं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "सर, तुमच्या फॅमिलीत बाउंड्रीज नाहीत. आई, भाऊ, सगळे तुमच्या स्पेसमध्ये आहेत. बाउंड्री आखायला शिका."

आता आमच्याकडे बाउंड्री म्हणजे बांध. बांध आखायला निघालं की आधी मोजणीवाला येतो, मग चुलत्यांचं बोलणं बंद होतं, मग तारखा पडतात आणि नातवंडांपर्यंत चालतात. मी त्याला नमस्कार केला आणि फोन बंद केला.

ऋतुजाचा लगेच फोन. "पप्पा, काय झालं?"

"तो मला आईशी कोर्टात भांडायला लावतोय."

"पप्पा!"

"मला काही झालेलं नाही. ऍसिडिटी आहे."

"आईला नोकरी सोडायला लावताय ती पण ऍसिडिटी का?" पोरगी रडायला लागली. "तिने मला विचारलं, ऋतू, मी सोडून देऊ का गं एकदाची. तिचा आवाज ऐकायला हवा होता तुम्ही."

तो आवाज मी ऐकला नव्हता. माझ्याशी ती त्या आवाजात बोलतच नव्हती.

दाढेच्या वरचा मजला

नंतर ज्या समुपदेशक बाईंकडे मी गेलो त्यांचं नाव अनघा. त्यांची खोली गंगापूर रोडला, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. ही देवाची कृपा. कुणी जिन्यात भेटलं तर मी गालाला हात लावायचो. सगळ्या बाजारात झालं, की नानांचं रूट कॅनल चाललंय. पुढे पुढे लोक विचारायला लागले, "नाना, एकूण दाढा किती आहेत तुम्हाला?"

अनघाबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला काय म्हणू?" मी म्हटलं, "घरी नाना म्हणतात." "मग मी पण नाना म्हणते. चालेल?" माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण अहो-जाहो सोडलं नाही आणि काकाही म्हणाल्या नाहीत. तिथेच माझं निम्मं अंग सैल झालं.

आईच्या मीठ-मोहरीचं मी हसत सांगितलं. म्हटलं, या शिकलेल्या, त्यांना गंमत वाटेल. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आई नजर काढतात तेव्हा तुम्हाला कसं वाटतं?"

मी विचार केला. "बरं वाटतं."

"काय बरं वाटतं त्यातलं?"

"ती तेवढा वेळ फक्त माझ्याकडे बघते."

"मग काढू द्या. आपलं इकडचं काम चालू राहील, आईंचं तिकडे."

त्यांनी मला श्वासाचे काही प्रकार शिकवले. मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं, त्यांनी थोडे दिवस गोळी दिली. मी ती घेतली; तुम्हाला दिली तर तुम्हीही घ्या, त्यात कमीपणा नाही. पण मला खरं बरं केलं ते त्या खोलीतल्या बोलण्याने.

अर्थात आधी मी बोलण्याचा कार्यक्रम केला. अपघाताची गोष्ट सांगितली. झाड, सासरे, लोणचं, सगळं जागच्या जागी. अनघाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"फार छान सांगता तुम्ही, नाना."

मी वाकून दाद घेतली.

"ही गोष्ट आईंना कशी सांगितली होती?"

मी म्हटलं, "मी स्वतः आईला कधी नाही सांगितली. त्या रात्री म्हटलं गाडी पंक्चर झाली होती."

"सांगितली असती तर कुठल्या भाषेत?"

"अहिराणीत. आमच्यात तीच."

"मग मला तशीच सांगा. मला अहिराणी येत नाही. जिथे अडेल तिथे विचारीन."

मला हसू आलं. म्हटलं, ही काय परीक्षा. आणि सुरुवात केली. झाडापर्यंत आलो आणि अडलो. सासऱ्यांचा विनोद अहिराणीत होईना. तो मी रचलाच होता शहरी मराठीत, पाहुण्यांसाठी. लोणचं पण येईना. त्याच्याऐवजी दुसरंच काही आलं, जे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते गोष्टीत नव्हतंच. लोणच्याचं वाक्य बोलायच्या आधी वैशाली बोलत नव्हती. मान कलंडली होती. काही क्षण असेल, पण त्यात मी पूर्ण विधुर होऊन बसलो.

"मी तिले हाक मारी," मी म्हणालो. "ती बोलनी नई. माले भेव वाटनं."

अनघाबाईंनी विचारलं, "भेव म्हणजे?"

मी डोळे पुसून पटकन सांगितलं, "भेव म्हणजे... काळजी."

"काळजी?"

"काळजीच. म्हणजे..."

आणि मी थांबलो. पन्नाशीच्या माणसाने आपल्याच आईच्या भाषेतल्या शब्दाचा अर्थ चुकीचा सांगितला होता. अहिराणी येणारं शेंबडं पोरही सांगेल, भेव म्हणजे भीती.

"नाही," मी म्हटलं. "भीती. भेव म्हणजे भीती."

"मग काळजी कुठून आली?" त्यांनी विचारलं, अगदी हळू.

उत्तर मला हळूहळू सुचत गेलं, आणि ते मी इथे लिहितो, कारण माझ्यासारखे घरोघरी असतील. आमच्यात पुरुषाला भीती वाटत नाही. त्याला काळजी वाटते. भीती वाटली तर लोक हसतात, काळजी वाटली तर मान देतात. म्हणून मी माझी भीती काळजीचा सदरा घालून फिरवत होतो, आणि तिचे सगळे सत्कार स्वीकारत होतो. काळजी असती तर तिने वैशालीला विचारलं असतं, तुला काय हवंय. भीती काही विचारत नाही. ती फक्त फोन लावते.

"यांना सांगा"

मग अनघाबाईंनी वैशालीला बोलावलं. ती आली, पदर सावरून बसली, माझ्याकडे न बघता. मी घाबरलो होतो, की आता समोरासमोर बसवून एकमेकांच्या डोळ्यांत बघायला लावतील. तसलं आमच्याकडून झालं नसतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत बघितलंय ते फक्त कुणाच्या डोळ्यात चिलट गेल्यावर.

अनघाबाई म्हणाल्या, "तुम्ही माझ्याशी बोला. नाना ऐकतील."

मग वैशाली बोलली. "यांना सांगा, ते लोणच्याचं सांगू नका."

मी आ वासला.

"माझं सगळ्यांदेखत हसं करतात. मी शुद्धीवर आले तेव्हा यांचा चेहरा मेल्यासारखा दिसत होता. मला काय बोलावं कळेना, यांना धीर द्यावा म्हणून तोंडाला आलं ते बोलले. लोणचं तर लोणचं. तेच हे लग्नांमध्ये सांगत फिरतात. मला वाटलं, यांना त्या दिवसाचं काहीच वाटलेलं नाही. मी गेले असते तरी गोष्ट झाली असती." तिने पदराने नाक पुसलं. "आणि एकीकडे म्हणतात, नोकरी सोड. मला वाटलं, यांना माझी शाळाच नकोय. पदोन्नती खुपतेय."

"खुपत नाही!" मी म्हणालो.

"यांना सांगा, मध्ये बोलू नका."

अनघाबाई गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे वळल्या. "नाना, मध्ये बोलू नका."

मग माझी पाळी आली. मीही अनघाबाईंकडेच बघत म्हटलं, "त्यांना सांगा, माले भेव वाटस. काळजी नाही. भेव."

वैशाली निफाडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला अहिराणीचं अक्षरही येत नव्हतं, सगळी आईकडून शिकली. तिने मान वर केली. आणि अनघाबाईंना न सांगता, थेट माझ्याकडे बघून म्हणाली, "मालेबी."

मला माहीतच नव्हतं. ती रोज त्याच घाटातून जात होती, मला वाटायचं तिला काही वाटतच नाही. तिला रोज वाटायचं, आणि ती रोज जायची.

मला त्या बाईचा जो अभिमान वाटला तो मला लिहिता येणार नाही. मी दुकानात नळीचं एक टोक हातात धरून घामाघूम होणारा, आणि ती भीती डब्यासोबत पिशवीत टाकून बाराखडी शिकवायला निघणारी.

एसटी

पुढचं काम कष्टाचं होतं आणि त्यात विनोद कमी. फोन कमी करायचे. आधी सकाळी एक, संध्याकाळी एक. मोबाईल मी गल्ल्यात ठेवायचो आणि गल्ल्याकडे असा बघायचो, की गिऱ्हाइकांना वाटायचं धंदा फार मंदा आहे. मध्ये एकदा मी पुन्हा घसरलो. वैशालीला यायला उशीर झाला आणि माझे सगळ्या शिक्षकांना फोन लावून झाले. वाटलं, गेलं सगळं पाण्यात. अनघाबाई म्हणाल्या, "पाण्यात नाही गेलं. आधी तुम्ही रोज असं करत होतात."

मग एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं पेठच्या एसटीत बसलो. काम काही नव्हतं, फक्त घाट. अपघाताच्या जागेआधी माझ्या छातीवर तो ओळखीचा माणूस येऊन बसला. हाताला मुंग्या. मी उठून कंडक्टरला गाडी थांबवायला सांगणार होतो.

"काय होतंय?" वैशालीने विचारलं.

"काही ना..." मी सुरुवात केली. मग म्हटलं, "भेव वाटस."

"कुठे?"

"छातीत. आणि पायात."

"श्वास सोडा. घेऊ नका, आधी सोडा." शिक्षिकाच ती. पोरांना सांगावं तसं सांगितलं. माझा हात तिने धरला नाही, समोर पेठचे दोन ओळखीचे शिक्षक बसले होते. पण पिशवी दोघांच्या मध्ये ठेवून पिशवीखाली माझं बोट धरलं. वळण आलं. गेलं. मागच्या सीटवरच्या बाईची कोंबडी एकदा ओरडली. मी मेलो नाही.

पेठला उतरून आम्ही भजी खाल्ली. मला वाटलं बँड लावावा.

मोठ्या बाई

भीती गेली का, असं मला सगळे विचारतात. नाही गेली. येते. पण आता ती स्वतःच्या नावाने येते, आणि मी तिला बाहेरच्या खोलीत बसवू शकतो. दाढा मात्र संपल्या. आता मी जिन्यात कुणी भेटलं की सरळ सांगतो, वरच्या मजल्यावर जातोय. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा समोरच्याने इकडेतिकडे बघून विचारलं, "माझ्यासाठी पण घ्याल का वेळ?"

दादाला एकदा लग्नात नीट सांगितलं, की लोणच्याची गोष्ट बंद. "का रे? मस्त असते." म्हटलं, "दादा, ती पूर्ण नाहीये." त्याने पाहुण्यांना दुसरीकडे नेलं.

वैशाली हरसूलकडच्या त्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाली. पहिल्या दिवशी सकाळी मी तिला आमच्या गेटपर्यंत सोडायला गेलो. "सावकाश जा" एवढंच म्हणालो. दिवसभर फोन केला नाही. हे वाचताना तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण मला ओळखणाऱ्यांनी इथे टाळ्या वाजवाव्यात.

संध्याकाळी ती आली. मी चहा टाकला होता. माझ्या ओठांवर तेच जुनं वाक्य आलं होतं, नीट आलीस ना. ती समोर धडधाकट उभी होती, तर विचारायचं काय त्यात? मी म्हटलं, "काय काय झालं आज शाळेत?"

तिने पिशवी खाली ठेवली आणि ती सांगायला लागली. की पहिलीतल्या एका पोरीने विचारलं, तुम्ही मोठ्या बाई म्हणजे किती मोठ्या? की फळ्याला तडा आहे. की पाण्याची टाकी गळते, तर तुमच्या दुकानातला एखादा जोड चालेल का. की एक पोरगा घरची बोली बोलतो म्हणून बाकीचे हसतात, तर तिने त्याला उभं करून म्हटलं, तुझ्या भाषेत सांग, मला अडेल तिथे मी विचारीन. चहा गार झाला. आईही येऊन बसली. अपघातानंतर ती घरात एवढं बोलली नव्हती, आणि मी एवढा गप्प बसलो नव्हतो.

मध्येच ती थांबली.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय की."

"मग हूं म्हणा. गोष्ट सांगणाऱ्याला हूं लागतं, तुम्हाला माहीत नाही?"

"हूं," मी म्हणालो.

आणि ती पुढे सांगायला लागली.